गॅस्ट्रिक बँड शस्त्रक्रियेनंतरचे आहार-समायोजन : हिंगोली जिल्ह्यातील आहारपद्धतीच्या संदर्भात

सारांश

तीव्र स्थूलतेवरील उपाय म्हणून जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनची पट्टी बसविण्याची शस्त्रक्रिया 'गॅस्ट्रिक बँड' या नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रिया शहरातील रुग्णालयात होते. तिचे यश मात्र रुग्णाच्या घरातील ताटावर ठरते. या शस्त्रक्रियेनंतरचे आहारविषयक नियम प्रामुख्याने पाश्चात्त्य आहार समोर ठेवून तयार झालेले आहेत. ज्वारीची भाकरी, वरण, पिठले, भात, उपवासाचे पदार्थ आणि पंगतीतील आग्रह यांनी घडलेल्या हिंगोली जिल्ह्यातील आहारपद्धतीत ते नियम कसे लागू होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, गॅस्ट्रिक बँड, तृप्ती, प्रथिने, आहारसवयी, पाठपुरावा, हिंगोली.

१. प्रस्तावना

मराठवाड्याच्या आहाराचा विचार दीर्घकाळ दुष्काळ, कुपोषण आणि रक्तक्षय या संदर्भात होत आला आहे. तो विचार आजही आवश्यक आहे. परंतु त्याच समाजात आता स्थूलतेचा प्रश्नही उभा राहिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष यांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, २५ किंवा त्याहून अधिक आढळला. स्थूलता ही केवळ महानगरातील श्रीमंतांची व्याधी आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही. शेतीकामाची जागा बैठ्या नोकरीने घेतली, पायी चालण्याची जागा दुचाकीने घेतली; ताटातील अन्नाचे प्रमाण मात्र पूर्वीच्याच श्रमाच्या हिशेबाचे राहिले. तालुक्याच्या गावातील शिक्षक, प्राध्यापक, लिपिक व व्यापारी या वर्गात हा बदल सहज दिसतो.

बीएमआय काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे लागते. १६० सेंटीमीटर उंची आणि १०० किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बीएमआय सुमारे ३९ येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५ आवश्यक मानला जात असे. भारतीय शरीरात कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून भारतीयांसाठीच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या. २०२२ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बीएमआय ३५ असल्यास सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस करण्यात आली असून, आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासून तिचा विचार करता येतो, असे नमूद केले आहे.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियांची केंद्रे मुख्यतः मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत विकसित झाली. २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद या अतिस्थूल महिलेवर मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा 'बॅरिएट्रिक' हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. शस्त्रक्रियेची बातमी झाली, परंतु शस्त्रक्रियेनंतर माणूस काय खातो, कसे खातो आणि त्याच्या घरात काय बदलते, याची चर्चा त्या प्रमाणात झाली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

२. गॅस्ट्रिक बँडचे स्वरूप व इतिहास

गॅस्ट्रिक बँड म्हणजे सिलिकॉनची पोकळ पट्टी. अन्ननलिका जेथे जठराला मिळते, त्याच्या किंचित खाली ही पट्टी जठराभोवती कड्यासारखी बसवितात. पट्टीच्या वर जठराचा अगदी छोटा कप्पा उरतो. त्यात जेमतेम एक-दोन मोठे चमचे अन्न मावते. पट्टीच्या आतील फुगा एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखाली बसविलेल्या 'पोर्ट' नावाच्या छोट्या डबीशी जोडलेला असतो. त्या डबीत विशेष सुईने सलाइन भरले की पट्टी आवळते, काढले की सैल होते. जठर कापले जात नाही, आतड्याची दिशा बदलली जात नाही आणि गरज पडल्यास पट्टी काढता येते. ही या पद्धतीची मुख्य वैशिष्ट्ये होत.

सैलसर-घट्ट करता येणाऱ्या पट्टीची कल्पना १९८० च्या दशकाच्या मध्यात स्वीडनमध्ये हालबर्ग व फोर्सेल यांनी आणि अमेरिकेत लुबोमिर कुझमाक यांनी स्वतंत्रपणे विकसित केली. १९९३ मध्ये बेल्जियममधील वी या गावी मितिकू बेलाशेव यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने अशी पट्टी बसविली आणि पोट मोठ्या प्रमाणात न उघडता ही शस्त्रक्रिया शक्य झाली. जून २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'लॅप-बँड' या पट्टीला मान्यता दिली. पुढील दशकात ती जगभर लोकप्रिय झाली.

या पद्धतीकडून अपेक्षा किती ठेवावी, हे प्रारंभीच स्पष्ट असणे हितावह ठरते. वर उल्लेखिलेल्या १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन बीएमआय २५ च्या हिशेबाने ६४ किलो असावयास हवे. म्हणजे तिचे अतिरिक्त वजन ३६ किलो ठरते. बँडमुळे पहिल्या दोन वर्षांत साधारणतः अतिरिक्त वजनाच्या निम्म्याच्या आसपास घट अपेक्षित असते. याचा अर्थ ती व्यक्ती ८२ किलोच्या जवळपास येईल. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांच्या दृष्टीने ही घट मोलाची आहे. परंतु ती आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीने आणि आहाराची साथ असेल तरच होते.

३. बँडचे कार्य : अडथळा नव्हे, तृप्ती

सामान्य समज असा की, बँड हा अन्नाच्या मार्गातील अडथळा आहे. वाट अरुंद झाली की माणूस आपोआप कमी खातो. हा समज अपुरा असून त्यातूनच पुढील बहुतेक चुका घडतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॉल ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून असे दिसून आले की, योग्य प्रमाणात भरलेला बँड जठराच्या वरच्या भागातील मज्जातंतूंवर सौम्य दाब ठेवतो आणि त्यामुळे भूक मंदावते. घास त्या जागेतून पुढे सरकताना अन्ननलिकेच्या आकुंचनाच्या अनेक लाटा लागतात. त्या प्रत्येक लाटेबरोबर तृप्तीचा संदेश मेंदूकडे जातो. लहान, नीट चावलेला एक घास पलीकडे जाण्यास एक मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो.

यातून आहाराचे मूलभूत नियम आपोआप निष्पन्न होतात. घास लहान असावा. तो पूर्ण बारीक होईपर्यंत चावावा. एक घास गिळल्यानंतर दुसरा घेण्यापूर्वी सुमारे एक मिनिट थांबावे. एका जेवणाचे प्रमाण अर्धी ते एक वाटी असावे आणि त्यासाठी वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पोट 'भरण्याची' वाट न पाहता भूक शमताच थांबावे. पहिला घास पुढे जाण्यापूर्वी दुसरा, तिसरा घास आला तर अन्न वर साचते, छातीत दाटते, तोंडाला लाळेसारखा फेस येतो आणि अन्न उलटून पडते. ही पोटातील आम्लाची नेहमीची उलटी नसते. न उतरलेले घास परत येणे असे तिचे स्वरूप असते. असे वारंवार घडल्यास वरचा कप्पा ताणला जातो किंवा पट्टी जागेवरून सरकते.

४. आहाराचे टप्पे

शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा व प्रथिनयुक्त आहार दिला जातो. त्यामुळे यकृताचा आकार कमी होऊन शल्यविशारदाला जठरापर्यंत पोहोचणे सुलभ जाते. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक ते दोन आठवड्यांचा काळ द्रवाहाराचा असतो. पातळ ताक, गाळलेले वरणाचे पाणी, मुगाचे कढण, साय काढलेले दूध आणि शहाळ्याचे पाणी हे पदार्थ या काळात घोट-घोट घेता येतात. मसालेदार रस्सा, सोड्यासारखी वायुयुक्त पेये व गोड सरबते टाळावयाची असतात. या काळात पट्टीभोवती जखम भरून येत असते; घन पदार्थ घेतल्यास ताण येऊन पट्टी सरकण्याचा धोका संभवतो.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घोटलेल्या अन्नाचे असतात. घोटलेले वरण, मऊ मुगाची खिचडी, ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, दही, कुस्करलेले मऊ पनीर, अंड्याची मऊ भुर्जी हे पदार्थ येथे उपयोगी पडतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीच्या घन आहाराकडे वळावे लागते. बँडमध्ये पहिल्यांदा सलाइन भरण्याची वेळही साधारणतः याच सुमारास येते. प्रत्येक वेळी सलाइन भरल्यानंतर एक-दोन दिवस पुन्हा द्रव व मऊ आहारावर राहावे लागते. येथे दिलेले कालावधी सर्वसाधारण आहेत. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्या शल्यविशारदाने व आहारतज्ज्ञाने आखून दिलेला क्रमच प्रमाण मानावा.

५. हिंगोलीचे ताट आणि बँड

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. हळद, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी ही येथील शेतीतील परिचित पिके. घरातील रोजच्या जेवणात भाकरी किंवा पोळी, वरण किंवा आमटी, एखादी पालेभाजी, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भात आणि ताक यांचा समावेश असतो. बँडच्या नियमांच्या कसोटीवर या ताटातील प्रत्येक पदार्थ वेगळा वागतो.

पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत ताजा मऊ पाव हा सर्वांत त्रासदायक पदार्थ म्हणून नोंदविलेला आढळतो. गव्हातील ग्लुटेनमुळे असा पाव चावल्यानंतर चिकट गोळा बनतो आणि पट्टीपाशी अडकतो. त्याच न्यायाने गरम, मऊ, घडीची पोळी पुरेशी न चावता गिळली तर त्रास देऊ शकते. ज्वारीत ग्लुटेन नसते. भाकरी चावली की तिचे कण सुटे होतात. त्यामुळे चांगली चावून खाल्लेली, चतकोर-अर्धी भाकरी पोळीच्या तुलनेत अनेकांना सोयीची ठरू शकते. चिकट, गिजगा भात हाही अडकणाऱ्या पदार्थांत मोडतो. तंतुमय भाज्या, शेवग्याच्या शेंगेचा गर सोडून उरणारा चोथा, संत्र्या-मोसंबीच्या फोडींवरील पापुद्रे आणि चिवट मटण यांच्या बाबतीत सावधगिरी आवश्यक असते.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावयास हवी. अन्न अडकण्याच्या भीतीने रुग्ण हळूहळू मऊ पदार्थांकडे झुकतो. मराठवाड्यातील घरात तर मऊ अन्नाची परंपराच आहे. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून केलेला काला, वरण-भात, पातळ पिठले, खिचडी हे आजारी माणसाचे, लहान मुलांचे व वृद्धांचे अन्न मानले जाते. घरातील माणसे प्रेमाने तेच पुढे करतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात ते योग्यच असते. परंतु पुढेही तीच सवय राहिली, तर बँडचा हेतूच पराभूत होतो. कुस्करलेले पातळ अन्न पट्टीतून सहज खाली उतरते. तृप्तीचा संदेश निर्माण होण्यास वेळच मिळत नाही. एका वाटीऐवजी तीन वाट्या काला सहज खाल्ला जातो आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. ज्या पदार्थाने त्रास होत नाही तो हितकर, हा नेहमीचा आडाखा येथे उलटा पडतो.

गोड व तेलकट पदार्थांची गोष्टही अशीच आहे. बासुंदी, श्रीखंड, शिरा व आइस्क्रीम पट्टीपाशी थांबत नाहीत. शेव, फरसाण, बिस्किटे व खारी तोंडातच विरघळतात. दिवसाकाठी सहा कप चहा घेणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक कपात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर घेतली, तर केवळ साखरेतून सुमारे २४० किलोकॅलरी पोटात जातात. चहापुढे बँड काहीही करू शकत नाही. 'मी तर दोन घासही जेवत नाही, तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असेल, तर तिचा उलगडा पुष्कळदा चहाच्या कपात आणि फरसाणाच्या डब्यात होण्याची शक्यता असते.

म्हणून आहार स्थिरावल्यानंतर काला सोडून भाकरी कोरडी, घट्ट उसळीबरोबर चावून खावी; पातळ पिठल्याऐवजी घट्ट झुणका घ्यावा; भातावर वरण ओतण्याऐवजी आधी मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ संपवावी. जेवताना पाणी किंवा ताक पिऊ नये, ते जेवणाच्या आधी किंवा जेवणानंतर काही वेळाने घ्यावे, असा नियम बहुतेक केंद्रे सांगतात. ताकाचा पेला जेवणाच्या शेवटी तोंडाला लावणाऱ्या घरात हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते.

६. प्रथिनांचा हिशेब

अन्न कमी झाले की सर्वप्रथम प्रथिने कमी पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बँड शस्त्रक्रियेनंतर दिवसाला सुमारे ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. पातळ वरणाच्या एका वाटीत साधारणतः २० ग्रॅम कोरडी तूरडाळ असते. तिच्यातून मिळणारी प्रथिने चार ते साडेचार ग्रॅम इतकीच भरतात. पाव वाटी अन्नाचीही किंमत असलेल्या पोटात वरणाचे पाणी भरणे परवडत नाही.

याउलट एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत सुमारे १० ग्रॅम, २५ ग्रॅम सोया वड्यांमध्ये सुमारे १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम आणि ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन अंडी धरून ही बेरीज ५६ ग्रॅमपर्यंत जाते. दह्याच्या एका वाटीने ती ६० च्या जवळ पोहोचते. अंडी न खाणाऱ्या कुटुंबात पनीर व सोयाबीनचे प्रमाण वाढवावे लागते. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असली तरी १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात. म्हणून चटणी ही चटणीच्याच प्रमाणात राहिली पाहिजे.

सोयाबीनचा उल्लेख येथे विशेष महत्त्वाचा आहे. कोरड्या सोयाबीनमध्ये ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात. हे पीक जिल्ह्याच्या शिवारात मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. परंतु ते शेतातून आडतीवर आणि तेथून तेलाच्या कारखान्यात जाते, घरच्या ताटात क्वचितच येते. प्रथिनांसाठी महागड्या डब्यातील पावडर शोधण्यापूर्वी शेतात काय पिकते, याकडे पाहणे श्रेयस्कर ठरेल.

बँडमध्ये अन्नाचा मार्ग बदलत नसल्यामुळे शोषणाचा मोठा दोष निर्माण होत नाही. तरीही आहार अल्प असल्याने लोह, फॉलिक आम्ल, ब-१२, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम यांची कमतरता उद्भवू शकते. शाकाहारी व्यक्तीत ब-१२ ची आणि स्त्रियांत लोहाची उणीव आधीपासूनच असण्याची शक्यता लक्षात घेता नियमित रक्ततपासणी व पूरक गोळ्या आवश्यक ठरतात. वारंवार उलट्या होत राहिल्यास थायमिन या ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपून मेंदू व मज्जातंतूंना इजा होऊ शकते; ही उपेक्षा करण्यासारखी बाब नव्हे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाणही वजन उतरू लागल्यावर डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावे लागते.

७. पंगत, आग्रह आणि उपवास

आहार ही केवळ पोषणाची क्रिया नाही; ती नात्याची भाषाही आहे. लग्नाच्या पंगतीत, हिंगोलीच्या दसऱ्याला आलेल्या पाहुण्यांच्या सरबराईत किंवा बारशा-डोहाळजेवणात यजमानाचा आग्रह हा मानाचा भाग असतो. 'एवढ्याशाने काय होतं? अजून एक पुरणपोळी घ्या' या वाक्याला नकार देणे म्हणजे माणसाला नकार देणे, असे मानले जाते. त्याचबरोबर ताटात अन्न टाकू नये, हा संस्कार लहानपणापासून रुजलेला असतो. बँड बसविलेल्या व्यक्तीची या दोन मूल्यांच्या मध्ये कोंडी होते. भिडेखातर घाईने खाल्लेले चार घास भर पंगतीत उलटून पडले, तर लाजिरवाणेपणाच्या भीतीने ती व्यक्ती लोकांत जेवणेच सोडते. आधीच ताट कमी वाढून घेणे, लहान वाटीत व लहान चमच्याने खाणे आणि यजमानाला पूर्वकल्पना देणे हे उपाय साधे आहेत. पण त्यासाठी शस्त्रक्रियेची गोष्ट लपवून न ठेवण्याचे धैर्य लागते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले संपविण्यासाठी गृहिणी शेवटी बसते. भांडी, मुले, उद्याची तयारी या सर्वांच्या गडबडीत तिचे जेवण दहा मिनिटांत उरकते. तिला अर्धा तास बसून, चावून, ताज्या उसळीसह जेवता यावे, ही वैद्यकीय गरज आहे. ती घरातील इतरांनी सोय केल्याखेरीज पूर्ण होत नाही. उरलेली पोळी वाया जाऊ नये म्हणून ती पोटात घालणे थांबले पाहिजे.

एकादशी, श्रावण, नवरात्र यांतील उपवासांचाही विचार करावा लागतो. साबुदाणा शिजल्यावर चिकट होतो, त्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि उपवासाच्या खिचडीत दाणे व तूप यांमुळे उष्मांक वाढतात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी एकदम खाण्याची पद्धत तर बँडच्या तत्त्वाच्या थेट विरुद्ध जाते. रमजानच्या रोज्यांबाबतही हाच मुद्दा लागू होतो. उपवास करावयाचाच असेल तर दूध, दही, पनीर यांना प्राधान्य द्यावे, पाणी पुरेसे घ्यावे आणि औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

८. अंतर व पाठपुरावा

बँड बसविणे हा उपचाराचा आरंभ असतो. पट्टी किती भरावी हे रुग्णाची भूक, जेवणाचे प्रमाण व वजन पाहून ठरवावे लागते. पहिल्या वर्षात अनेक फेऱ्या आणि पुढे आयुष्यभर तपासणी, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. न्यू यॉर्कमधील एका अभ्यासात (२००४) पाठपुराव्यासाठी अधिक वेळा येणाऱ्या बँडच्या रुग्णांत वजनाची घट अधिक आढळली. बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तसा फरक दिसला नाही. यावरून अंतर हा बँडच्या बाबतीत केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही, तो परिणामकारकतेचा प्रश्न ठरतो. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील हिंगोलीहून मुंबई-पुण्याला जाणे म्हणजे रजा, प्रवास, मुक्काम आणि सोबतीचा माणूस. पाच मिनिटांत सलाइन भरण्यासाठी दोन-तीन दिवस खर्ची पडतात. परिणामी फेऱ्या टळतात. पट्टी सैल असेल तर वजन उतरत नाही. अति घट्ट असेल तर रुग्ण मऊ व गोड पदार्थांवर जगू लागतो.

रात्री आडवे झाल्यावर खोकला येणे, घशाशी आंबट येणे, पूर्वी पचणारे अन्नही अडकू लागणे ही पट्टी अति घट्ट झाल्याची किंवा सरकल्याची लक्षणे असू शकतात. पाण्याचा घोटही खाली उतरत नसेल किंवा पोटात तीव्र वेदना असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशा वेळी पट्टीतील सलाइन काढून ती सैल करणे हा पहिला उपाय असतो. मात्र त्यासाठी पोर्टच्या विशेष सुईचा वापर आवश्यक असतो, साध्या सुईने पोर्टचा पडदा खराब होतो. म्हणून पट्टीचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख, शेवटी भरलेल्या सलाइनचे प्रमाण आणि शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद असलेले कार्ड रुग्णाने सदैव जवळ ठेवणे इष्ट. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेणेही टाळले पाहिजे. त्यांमुळे जठराच्या अस्तराला इजा होऊ शकते. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा संस्थांत पाठपुराव्याचे प्राथमिक काम होऊ लागले, तर अंतराचा हा प्रश्न काही अंशी तरी सुटू शकेल.

९. बँडची आजची स्थिती

अमेरिकेत २०११ मध्ये स्थूलतेवरील शस्त्रक्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बँडच्या होत्या. २०१९ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास घसरले. पट्टी सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, वजन पुन्हा वाढणे आणि त्यामुळे पट्टी काढावी लागणे ही त्यामागील कारणे. त्यांची जागा मुख्यतः जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेने घेतली. इमान अहमद यांच्यावरही हीच शस्त्रक्रिया झाली होती. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात उपलब्ध झाली.

असे असले तरी बँडच्या अनुभवाचे महत्त्व कमी होत नाही. पूर्वी बसविलेल्या पट्ट्या घेऊन जगणाऱ्या व्यक्ती आजही आहेत आणि त्यांना आयुष्यभर मार्गदर्शनाची गरज आहे. शिवाय हळू खाणे, नीट चावणे, प्रथिने आधी घेणे, गोड पेये टाळणे हे नियम स्लीव्ह, बायपास आणि इंजेक्शने या सर्वांनाच लागू पडतात. बँडने ही शिकवण अधिक ठळक केली, इतकेच. कारण त्यात जठर जवळजवळ जसेच्या तसे राहते आणि बाकीचे सर्व काम सवयीला करावे लागते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, गॅस्ट्रिक बँड शस्त्रक्रियेनंतरचे आहार-समायोजन हे रुग्णाच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर सोडून देता येणार नाही. रुग्णालयातून मिळणाऱ्या छापील तक्त्यात टोस्ट, सूप, मासे यांच्या जागी भाकरी, उसळ, झुणका यांची नावे व प्रमाणे आली पाहिजेत. काला केव्हा चालतो आणि केव्हा सोडावा, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. आहारतज्ज्ञाचा सल्ला स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही मिळाला पाहिजे. महाविद्यालयांतील गृहविज्ञान, समाजशास्त्र व शारीरिक शिक्षण विभागांना स्थानिक पदार्थांवर आधारित असे तक्ते तयार करण्याचे काम सहज हाती घेता येईल. स्टाफरूममधील सहकाऱ्याने समोसा नाकारला, डबा उघडून अर्धा तास जेवत बसला, तर त्याची थट्टा न करणे हीदेखील या समायोजनातील एक लहान पण खरी मदत आहे.

पट्टी जठराला आवळते. ताट मात्र घरच्यांनी मिळून लहान करावे लागते. ते झाले, तरच शहरातील शस्त्रक्रियेचा लाभ हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील घरापर्यंत पोहोचू शकेल.